पाणी मुरतंय कुठे

पुलाच्या चढावर गाड्यांची रांग थांबली आणि काटा लाल रेघेला टेकला, तेव्हा तिला काहीच सुचलं नाही. हातानं मात्र आपलं काम केलं. उजवा हात स्टिअरिंगवर राहिला, डावा पुढे झाला, त्यानं हीटरची खुंटी पार टोकापर्यंत सरकवली, पंखा पूर्ण सोडला आणि मग एकेक करून काचा खाली घेतल्या. भर उन्हाळ्याच्या सकाळी तिच्या पायांवर भट्टीतून यावा तसा झोत आला. शेजारच्या गाडीतला माणूस, ही बाई उन्हानं चळली की काय, अशा नजरेनं बघायला लागला. काटा केसभर मागे आला. आणखी केसभर आला. आणि तेव्हा कुठे तिला उमगलं, की हे आपण केलेलं नाही. हे त्यानं शिकवलेलं आहे. ‘इंजिन तापलं की त्याची आग आपल्या अंगावर घ्यायची. पाय भाजतील, पण इंजिन वाचेल.’ बावीस वर्षांपूर्वी, अशाच कुठल्यातरी चढावर, मागच्या सीटवर दोन वर्षांची लेक ठकी रडून रडून झोपलेली असताना तो हे बोलला होता. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत तिनं त्याची खुर्ची देऊन टाकली होती, आडनाव बदललं होतं, झोपायची कूससुद्धा बदलली होती; आणि हा हात इतका इमानी निघावा! तिला हाताचाच राग आला.

रांग हलली. गाडी पुढे निघाली ती खोकत, अडखळत, जिना चढताना म्हाताऱ्या माणसानं प्रत्येक पायरीवर कठडा धरावा तशी. हॉस्पिटलच्या रक्तपेढीत आठ वाजता तिची पाळी सुरू व्हायची. पुलाच्या खाली उतरलं की डावीकडे हॉस्पिटल, आणि उजवीकडे तो रस्ता. त्या रस्त्यावर ती अकरा वर्षांत गेली नव्हती. भाजी घ्यायला जायचं तरी बाजाराला वळसा घालून जायची, आणि वळसा का घालतेस, असं कुणी विचारलं तर तिकडे खड्डे फार आहेत म्हणायची. सहा महिने ती रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी घालत होती. आधी अर्धी बाटली, मग एक, मग सव्वा. गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत. गळत कुठे नव्हतं, जात मात्र रोज होतं. सुरू करताना इंजिन थरथरायचं, मागून पांढरा धूर निघायचा, आणि समोरच्या इमारतीतले निवृत्त प्राध्यापक गॅलरीतून ओरडायचे, “बाई, डास मेले हो सगळे, पुरे आता!” शोरूमच्या टाय लावलेल्या माणसानं बॉनेट न उघडताच सांगितलं होतं, “मॅडम, आता नवीनच घ्या.” ती बरं म्हणून परत आली होती आणि दुसऱ्या दिवसापासून बाटली थोडी मोठी घेतली होती. दुखणं अंगावर काढायची तिला सवय होती. माणसाचं काय नि गाडीचं काय. पुलाखाली आल्यावर तिनं काट्याकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि उजवीकडे वळली.

गॅरेज होतं तिथंच होतं. पत्र्याचं छप्पर, दोन गाड्यांची जागा, खोल अंधारात लाकडी बाक आणि त्यावर लोखंड पकडून धरायचा शिकंजा. भिंतीवर पाने टांगलेले, आणि प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्या आकाराची पांढरी रेघ, म्हणजे एखादा जागेवर नसला की रिकामी रेघ लगेच डोळ्यांत यावी. त्या रेघा तिनंच मारल्या होत्या, लग्नाच्या पहिल्या वर्षी, स्टुलावर चढून. त्यांच्यावर नंतर कुणीतरी पुन्हा रंगाचा हात फिरवला होता. मूळच्या रेघेला धरून, जराही बाहेर न जाता.

तो गाडीच्या आवाजानंच बाहेर आला. जाडा झाला होता. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही. बॉनेटकडे पाहिलं, मान थोडी तिरकी केली, डोळे अर्धे मिटले. हे तिनं किती वेळा पाहिलं होतं! पाहुण्यांच्या घरी गप्पा रंगात आल्या असताना रस्त्यावरून एखादी गाडी गेली की ह्याची मान अशी व्हायची, आणि मग तो बोलणाऱ्याला तोडून म्हणायचा, व्हॉल्व्ह वाजतोय.

ती किल्लीला हात लावणार इतक्यात तो म्हणाला, “बंद करू नकोस.” मग स्वतःच चपापला. “म्हणजे, राहू द्या जरा चालू.” थोडं ऐकलं. “तिसरा सिलिंडर मारत नाहीये. चारातले तीनच चाललेत. हां, करा बंद.”

करा. द्या. तिला हसू आलं आणि तिनं ते गिळलं. एकाच गल्लीत वाढलेली दोघं, लहानपणापासूनचं तू. लग्न झाल्यावर सासूबाईंना ते खपेना, तेव्हा त्यांच्यासमोर अहो आणि खोलीचं दार लावलं की तू, असा दुहेरी कारभार तिनं सासूबाई होत्या तोवर चालवला. तुम्ही आलं ते वकिलाच्या ऑफिसात. तिथल्या लांबलचक टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, आणि मध्ये कुठूनतरी ते तुम्ही येऊन बसलं. ते काही उठलं नाही. ठकीच्या शाळेत भेटताना, तिच्या पदवीदान समारंभात पाच मिनिटं शेजारी उभं राहताना, तुम्ही कसे आहात, आपण बऱ्या आहात ना. जनगणनेला आलेल्या माणसासारखं.

“पाणी पिते का?” त्यानं विचारलं.

“थोडं.”

“किती दिवस झाले?”

“पंधरा एक.”

रक्तपेढीत रक्त द्यायला येणारे लोक असंच खोटं बोलायचे. शेवटचं आजारपण कधी, काही औषध चालू आहे का. तिला ते तोंडावरूनच कळायचं. आपलंही आता कळलं असेल, असं तिला वाटलं, पण तो नुसता हं म्हणाला आणि बॉनेट वर करून काठी लावून ठेवली. रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही.

“निवायला पाऊण तास जाईल. त्याआधी उघडायचं नाही.”

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि दोघांचीही नजर एकाच वेळी त्याच्या उजव्या हाताकडे गेली. मनगटापासून कोपरापर्यंत चकाकणारी, गुळगुळीत, केस न उगवलेली कातडी. त्याच चढावरची गोष्ट. ठकीला ताप होता, डॉक्टरकडे पोचायचं होतं, आणि ज्याला सगळं ठाऊक होतं त्यानंच घाईत झाकण उघडलं होतं. उकळतं पाणी कारंज्यासारखं आलं. तो ओरडला नाही. हातावर ओढणी गुंडाळून त्यानं गाडी चालवली, आणि डॉक्टरांच्या दारात म्हणाला, आधी पोरीला बघा. तोंडात मिठाची गुळणी धरणं हे त्याच्या बाबतीत नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. सुरुवातीला तिला त्याचं कौतुक वाटायचं. मैत्रिणींचे नवरे नुसते बडबडे, आणि हा बघा. मग कौतुकाची सवय झाली, सवयीचा कंटाळा झाला, आणि कंटाळ्याचं पुढे काय झालं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. भांडण नव्हतंच. तो गॅरेजमधून यायचा तेव्हा ती पाळीला निघालेली असायची. दारात एकमेकांना वाट द्यायची दोघं, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं देतात तशी. एकदा ती चपला घालता घालता थांबली होती आणि म्हणाली होती, “तुला माझ्याशी काही बोलायचं आहे का? काहीही.” तो बराच वेळ विचार करत राहिला. खरोखरच विचार करत होता, हे तिला आजही कबूल होतं. मग म्हणाला, “गाडीत पाणी बघून जा.” त्या दिवशी बसमध्ये तिनं ठरवलं. बसमध्ये, कारण गाडीत पाणी बघून जायची तिची इच्छाच मेली होती.

कुठल्यातरी जुन्या जीपचं मागचं सीट भिंतीशी टाकून त्याचा सोफा केला होता. ती त्यावर बसली. हॉस्पिटलात फोन करून पाळी बदलून घेतली. त्यानं थर्मासमधला चहा एका कपात ओतून बाकाच्या कडेला तिच्या हाताला येईल असा ठेवला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. त्याचे नुसते पाय दिसत होते. पायांशी बोलणं सोपं होतं की काय कोण जाणे, पण ती बोलली.

“एकटेच आहात? माणसं नाही ठेवलीत?”

“होता एक फिटर. त्यानं स्वतःचं काढलं. बरं चाललंय त्याचं.”

“मग जड कामं?”

“जड कामं घेत नाही आता,” पाय म्हणाले.

पहिल्या वर्षी माणसं नव्हतीच. ती संध्याकाळी येऊन बॅटरी धरायची. ‘उजेड हलवू नको’, एवढंच त्याचं प्रेमाचं बोलणं. ह्या गाडीचं इंजिन त्यानं पुरं खोलून पुन्हा जोडलं तेव्हा परदेशी भाषेतलं एक जाडजूड पुस्तक समोर होतं. त्याला ते वाचता यायचं नाही, तिला वाचता यायचं पण कळायचं नाही. ती शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक वाक्य सांगायची, आणि तो त्या वाक्याचा अर्थ लोखंडात बोटानं दाखवायचा. असं ते पुस्तक दोघांनी मिळून वाचलं. तेवढं मन लावून तिनं पुढे काहीच वाचलं नाही. पानांच्या कडेला त्याच्या अंगठ्याचे काळे ठसे आणि तिच्या पेन्सिलीतले शब्द. ते पुस्तक वाटणीत कुणाकडे गेलं, हे तिला आठवेना. कुणी मागितलंच नव्हतं.

पाऊण तासानं त्यानं झाकणावर फडकं टाकून ते हळूच फिरवलं, मग काढलं. बाटलीभर पाणी ओतलं, आणखी अर्धी ओतली, तोंडाशी पाणी दिसेपर्यंत. “सुरू करा.” इंजिन थरथरत सुरू झालं. त्यानं बोटानं तिला जवळ बोलावलं. पाण्यात बुडबुडे येत होते. उकळीचे नव्हेत, पाणी तर गारच होतं. एकामागून एक, शिस्तीत, खालून कुणीतरी श्वास सोडत असल्यासारखे.

“बाहेर गळत नाही, मग जातं कुठे, तर आत,” तो म्हणाला. “हेड गॅस्केट गेलंय, वरच्या हेडखालचा तो पातळ पत्रा. इंजिनातला धूर पाण्यात शिरतोय आणि पाणी इंजिनात.”

“तरी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.”

तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातून, एकदाच. पण त्यानंतर दोघांचेही हात जरा सैल पडले. त्यानं इंजिन बंद करायला लावलं, एकेक करून चारही प्लग काढले आणि बाकावर ओळीनं मांडले. तीन भुरकट, विटकरी. तिसरा पांढरा स्वच्छ, घासून ठेवलेल्या चमच्यासारखा. चष्मा लावून त्यानं तो उजेडात फिरवला.

“पंधरा दिवसांचं नाही हे.”

ती म्हणाली, “सहा महिने.”

“सहा महिने रोज पाणी घालत होतात?”

“हो.”

“आणि कुणाला सांगितलं नाहीत?”

“कुणाला सांगणार होते?”

त्यानं प्लग खाली ठेवला. ओळीत नीट बसवला. तिला वाटलं आता तो म्हणेल, बघतो, फोन करतो, संध्याकाळी या. त्याऐवजी तो म्हणाला, “उघडायला लागेल. हेड वाकलं नसलं तर गॅस्केट बदलून गाडी उभी राहील. वाकलं असलं तर मग बघू.” थोडा घुटमळला. “उचलायला मला एक माणूस लागेल पण.”

तिनं ओढणी कमरेला बांधली.

तीन तास गेले. नळ्या सुटल्या, तारा सुटल्या, बोल्ट क्रमानं एका पुठ्ठ्यावर टोचले गेले. तो मागेल तो पाना ती भिंतीवरून काढून देत होती, आणि मागायच्या आधीच तिचा हात दोनदा बरोबर रेघेपाशी गेला. दोघं बोलत नव्हती, पण हे गप्प बसणं वेगळं होतं, हे तिच्या लक्षात येत होतं आणि त्याचा तिला त्रासही होत होता. इतकं सोपं होतं तर मग मी काय मूर्ख होते? नाही, सोपं नव्हतं. गॅरेजमध्ये सोपं होतं. घर गॅरेज नव्हतं. तिथं बोल्ट पुठ्ठ्यावर टोचून ठेवता येत नव्हते. आठवणींचं हे असंच असतं, त्या आपला उजेडातला गाल तेवढा पुढे करतात. तिनं स्वतःला बजावलं, की बाई, तू सोडून गेलीस ते खरं होतं, आणि आत्ता इथं बरं वाटतंय हेही खरं आहे. दोन्ही असू देत.

“आता,” तो म्हणाला. “तिकडून धरा. सरळ वर. वाकडं करायचं नाही.”

हेड जड होतं. अर्ध्यात आलं आणि तिच्या बाजूनं कललं, तिचं बोट आत सापडतंय असं झालं, आणि ती ओरडली, “अरे धर ना! धर नीट!”

“धरलंय, धरलंय. तू सोड. सोड तू.”

बाकावर ठेवल्यावर दोघं धापा टाकत उभी राहिली. तुम्ही कुठल्या कुठे पडलं होतं. कुणीच ते उचलायला वाकलं नाही.

जळलेलं गॅस्केट तिला न सांगताच दिसलं. तिसऱ्या भोकापासून पाण्याच्या वाटेपर्यंत अंगठ्याएवढी काळी पाऊलवाट. त्यानं हेड पुसलं, उलटं केलं, त्यावर पोलादी पट्टी उभी ठेवली आणि खालून मापाचं पातळ पातं सरकवलं. पातं अडायला हवं होतं. ते गेलं. त्यानं जाड पातं घेतलं. तेही गेलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो पट्टीकडेच बघत होता.

“वाकलंय.”

“मग घासून सपाट करतात ना? पुस्तकात होतं.”

“एकदाच करता येतं. फार तर. पुढे जाडीच उरत नाही.” त्यानं फडकं उचललं. “हे एकदा झालेलं आहे.”

“कधी?”

फडक्यानं पुसता पुसता त्याचा हात हेडच्या एका कडेवर जरा जास्तच रेंगाळला, म्हणून तिनं तो हात बाजूला केला. लोखंडात ठोकून उठवलेले बारीक आकडे. मोठं काम केलं की तारीख ठोकायची त्याची सवय. तिनं तारीख वाचली, आणि पुन्हा वाचली. कोर्टाच्या शेवटच्या तारखेच्या आधीचा आठवडा.

तो आठवडा तिला पाठ होता. गाडी तिच्या वाटणीला येणार असं ठरलेलं, आणि नेमकी त्या आठ दिवसांत त्यानं ती गॅरेजला नेऊन ठेवली, सर्व्हिसिंग आहे एवढंच सांगून. ती आठ दिवस बसनं फिरली. ठकीची परीक्षा चालू होती, उन्हाचे दिवस, दोन बस बदलायच्या. वकीलबाईंनी विचारलं, आणखी काही? तेव्हा तिनं रागारागानं तेही लिहायला लावलं होतं. मुद्दा सातवा: गाडी मुद्दाम अडवून ठेवतात, वापरू देत नाहीत. कोर्टात तो वाचला गेला तेव्हा हा समोर बसला होता, नखातला काळा मळ दुसऱ्या नखानं काढत.

“तेव्हाही तापली होती?” तिनं विचारलं.

“हो, मी चालवत असताना. पोरीला घेऊन तू रस्त्यात अडकली असतीस नंतर. म्हटलं, देताना नीट द्यावी.”

“आणि मी तो सातवा मुद्दा...”

“ऐकला होता ना मी.”

“मग तोंड का नाही उघडलंस? उठून सांगायचं होतंस, की मी दुरुस्त करत होतो!”

“काय सांगायचं? तू लिहिलं होतंस की आठ दिवस गाडी नव्हती.” तो बाकाच्या कडेवर बोट फिरवत होता. “नव्हतीच की. खरं होतं ते.”

तिला एकदम इतका राग आला की पाना भिरकावून द्यावा. अकरा वर्षांचं जुनं, मुरलेलं, आता तिच्या नुसतं ओळखीचं उरलेलं काहीतरी पुन्हा ताजं होऊन छातीत आलं. एक वाक्य! एक वाक्य बोलला असता तर तो मुद्दा तिनं खोडला असता. लग्न वाचलं नसतं. ती ते नक्की जाणून होती. पण सातव्या मुद्द्याशिवाय मोडलं असतं. अकरा वर्षं ती ज्या माणसाला वळसा घालून जात होती, त्याच्याविषयीची अढी त्या मुद्द्याएवढी तरी कमी असती. आणि मग तिला आठवलं की सहा महिने आपणही रोज सकाळी बाटली घेऊन खाली उतरत होतो आणि कुणाला चकार शब्द बोललो नव्हतो. ती त्या जीपच्या सीटवर जाऊन बसली आणि रडली. फार वेळ नाही. तो तसाच उभा राहिला, पण गाडीखाली गेला नाही.

“भंगारवाल्यांकडे असलं हेड मिळतं कधीकधी,” शेवटी तो म्हणाला. “शोधतो मी. मिळेलच असं नाही.”

“नको.”

“नको?”

“इतकी वर्षं चालली. पुष्कळ झालं.” आपला आवाज इतका शांत निघालेला बघून तिलाच नवल वाटलं. “आता तू तिला माझ्यासाठी पुन्हा काही करायचं नाहीस. पुरे.”

त्यानं मान हलवली. मग, जे तिनं त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं, ते तो म्हणाला, “मला वाईट वाटतंय.” एवढंच. कशाचं, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

ठकीला कळवायला हवं होतं. ठकीचं सगळं बालपण त्या मागच्या सीटवर गेलेलं. तिथं ती झोपली, ओकली, पाढे पाठ केले, आणि तेराव्या वर्षी तिथंच बसून, खिडकीबाहेर बघत, आईबाबा वेगळे होताहेत हे तिनं दोघांच्या तोंडून ऐकून घेतलं होतं. आता ती दूरच्या शहरात नोकरीला होती आणि आईला शनिवारी, बाबांना रविवारी फोन करायची; तिकडे गेल्यापासून वार चुकला नव्हता. आज ना शनिवार होता ना रविवार. तिनं मोबाइलचा कॅमेरा चालू करून फोन लावला आणि हात लांब करून धरला. तो चौकटीबाहेर उभा होता. ती म्हणाली, “अरे, ये ना इकडे,” तेव्हा तो आला, अंग चोरून, तिच्या खांद्यापासून वीतभर अंतर ठेवून.

ठकी कुठल्यातरी जिन्यात होती. तिनं पडद्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“कोण गेलं?” ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“गाडी,” तो म्हणाला. “आपली गाडी गेली गं.”

ठकी जिन्यातच खाली बसली. आधी हसली, मग हसता हसता तिचे डोळे भरले, मग नाक पुसत ओरडली, “किती घाबरवता रे तुम्ही! दोघं एकत्र दिसलात, मला काय वाटलं असेल?” मग जरा वेळ नुसती बघत राहिली. आईच्या गालावर काळं लागलं होतं, बाबांचा चष्मा दोरीला लोंबत होता. “आणि तुम्ही?” तिनं विचारलं. “तुम्ही दोघं बरे आहात ना?”

दोघांनी एकदमच तोंड उघडलं, आणि दुसऱ्याला बोलू द्यावं म्हणून दोघंही थांबली. पलीकडे ठकी वाट बघत होती. जिन्यावरून कुणीतरी तिला ओलांडून गेलं.

“आहोत बरे,” मग तोच बोलला. “पण तुझी आई सकाळपासून उपाशी आहे. तुम्ही बोला, मी तिला काहीतरी खायला घेऊन येतो.” आणि हातसुद्धा न धुता तो रस्त्यावर उतरला, उन्हात, उजवीकडे की डावीकडे असा क्षणभर घुटमळला आणि चालू लागला.